इंग्रजीचा उंबरठा आणि मराठी भाषक : हंटर आयोग ते आंतरजालीय समुदाय

सारांश

आंतरजालावरील ज्ञानव्यवहारात इंग्रजीचे स्थान अग्रगण्य आहे. त्यामुळे ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशा व्यक्तींचा तेथील समुदायांमधील सहभाग मर्यादित राहतो. या प्रश्नाला 'प्रथम इंग्रजी शिका' हे एकच उत्तर बहुधा दिले जाते. मराठी भाषकांच्या इतिहासाचा मागोवा घेतला असता हे उत्तर अपुरे असल्याचे दिसून येते. परभाषेच्या व्यासपीठावर सामान्य माणसाचा शब्द पोहोचला की नाही, हे भाषेचे श्रम कोणी उचलले यावर ठरत आले आहे. प्रस्तुत निबंधात या विधानाची १८३२ पासून आजपर्यंतच्या काही निवडक प्रसंगांच्या आधारे तपासणी केली आहे.

बीजसंज्ञा : इंग्रजी, मराठी, द्विभाषिकता, हंटर आयोग, युनिकोड, आंतरजालीय समुदाय, वऱ्हाड

प्रस्तावना

२०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असलेल्यांची संख्या ८ कोटी ३० लाखांहून अधिक आहे. त्याच जनगणनेत इंग्रजी ही मातृभाषा म्हणून नोंदविणारे भारतीय सुमारे २ लाख ६० हजार इतकेच आहेत. म्हणजेच इंग्रजी वापरणारा जवळजवळ प्रत्येक भारतीय ती शिकून वापरतो. जगाच्या पातळीवरही इंग्रजी बोलणाऱ्यांमध्ये ती शिकून घेतलेल्यांचीच संख्या मातृभाषकांपेक्षा कितीतरी मोठी आहे. असे असूनही आंतरजालावर विकिपीडियासारख्या सामूहिक ज्ञानकोशात, संगणक आज्ञावलीविषयीच्या प्रश्नोत्तरांच्या समुदायांत किंवा विविध चर्चागटांत सहभागी होण्याचे नियम मातृभाषकाची सहजता गृहीत धरूनच घडलेले आहेत. वाचता येते पण लिहिण्याचे धैर्य होत नाही, अशा स्थितीत फार मोठा वर्ग काठावर उभा राहतो.

वाशीम जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यातले जऊळका हे अकोला-पूर्णा लोहमार्गावरील स्थानक असलेले गाव. २००८ मध्ये या मार्गाचे रुंदीकरण पूर्ण होऊन हा परिसर रेल्वेच्या मोठ्या जाळ्याशी जोडला गेला. त्यानंतरच्या दशकात स्वस्त भ्रमणध्वनीमुळे अशी गावे आंतरजालाशीही जोडली गेली. रेल्वेचे तिकीट काढणाऱ्यास इंग्रजी येत असावे अशी अट कधीच नव्हती. दुसऱ्या जाळ्यात मात्र प्रवेश मिळाला तरी बोलण्यासाठी भाषेचा उंबरठा ओलांडावा लागतो. हा उंबरठा नवा नाही, हे येथे दाखवावयाचे आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) परभाषेच्या व्यासपीठावर मराठी भाषकांनी प्रवेश कसा मिळविला, याच्या ऐतिहासिक पद्धती शोधणे.
२) आंतरजालावर मराठी भाषकांचा वावर वाढविणाऱ्या तांत्रिक व सामाजिक साहाय्याचा आढावा घेणे.
३) इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांना सहभागी करून घेण्यासाठी समुदायांनी काय करणे आवश्यक आहे, याविषयी निष्कर्ष मांडणे.

अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे.

वऱ्हाडातील पूर्वपरंपरा

प्रतिष्ठेची भाषा आणि व्यवहाराची भाषा यांतील अंतर वाशीम परिसराला प्राचीन काळापासून परिचित आहे. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. १९३९ मध्ये उजेडात आलेला विंध्यशक्ती द्वितीय याचा वाशीम ताम्रपट या दृष्टीने लक्षणीय आहे. त्यातील राजवंशाची माहिती संस्कृतात आहे, तर दानाचा प्रत्यक्ष व्यवहार सांगणारा भाग प्राकृतात आहे. प्राकृत ही त्यापूर्वी दख्खनच्या राजव्यवहाराची रुळलेली भाषा होती. संस्कृतची प्रतिष्ठा वाढत असतानाही व्यवहाराचा भाग जुन्या, परिचित भाषेत ठेवला गेला. एकाच लेखात दोन भाषांना दोन कामे देण्याची ही रीत होती.

तेराव्या-चौदाव्या शतकात महानुभाव पंथाने याहून पुढचे पाऊल टाकले. अमरावती जिल्ह्यातील ऋद्धिपूर हे या पंथाचे प्रमुख केंद्र. पंथाचे आचार्य नागदेव यांनी संस्कृतात ग्रंथरचना करू इच्छिणाऱ्या विद्वान शिष्याला परावृत्त केले, कारण तसे झाल्यास पंथातील वृद्ध स्त्रिया व सामान्य जन ज्ञानाला मुकले असते, असे पंथाची परंपरा सांगते. म्हाताऱ्या बायांनी संस्कृत शिकावे, असे नागदेवांनी म्हटले नाही. विद्वानाने मराठीत लिहावे, असे म्हटले. भाषेचे श्रम जाणत्याने उचलावेत, हा विचार वऱ्हाडच्या मातीत इतका जुना आहे. याच ऋद्धिपूर येथे २०२४ मध्ये मराठी भाषा विद्यापीठाचे कार्य सुरू झाले.

एकोणिसावे शतक : प्रवेशाच्या तीन वाटा

इंग्रजी राजवटीत हा क्रम उलटला. राज्यकर्त्यांची भाषा शिकण्याचे ओझे प्रजेवर आले. वऱ्हाड १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या प्रशासनाखाली आला. कागदोपत्री वाशीमचे 'बासिम' झाले. १९०५ पर्यंत या नावाचा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात होता. स्थानिक माणसाच्या तोंडचे नाव आणि दप्तरातील नाव यांत अंतर पडले, ही बाब वरवर किरकोळ असली तरी तिचे परिणाम पुढे पाहावयाचे आहेत.

या काळात इंग्रजीच्या व्यासपीठावर जाण्याच्या तीन वाटा दिसून येतात.

पहिली वाट द्विभाषिक रचनेची. बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत 'दर्पण' सुरू केले. त्याच्या पानावर मराठी व इंग्रजी असे दोन स्तंभ शेजारी शेजारी असत. एतद्देशीयांना पाश्चात्त्य विद्येची ओळख व्हावी आणि इंग्रजांना एतद्देशीयांचे विचार कळावेत, असा त्यामागे दुहेरी हेतू होता. वाचकाला ज्या भाषेत सोय वाटेल त्या स्तंभापासून आरंभ करता येई व दुसऱ्या स्तंभाच्या आधाराने दुसरी भाषा समजून घेता येई. 'दर्पण' १८४० मध्ये बंद पडले. पुढे १८८१ च्या जानेवारीत पुण्यात 'मराठा' इंग्रजीत व 'केसरी' मराठीत सुरू झाले, तेव्हा दोन स्तंभांची जागा दोन स्वतंत्र पत्रांनी घेतली. दोन्ही वाचकवर्ग वेगळे झाले.

दुसरी व तिसरी वाट एकाच प्रसंगात पाहावयास मिळते. १८८२ मध्ये विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला गेला. महात्मा जोतीराव फुले यांनी आयोगास १९ ऑक्टोबर १८८२ रोजीचे लेखी निवेदन सादर केले ते इंग्रजीत. फुल्यांचे बहुतेक ग्रंथ मराठीत आहेत. शेतकऱ्याशी बोलताना त्यांनी मराठीच वापरली. परंतु आयोगापुढे शेतकऱ्याची बाजू मांडण्यासाठी त्यांना राज्यकर्त्यांच्या भाषेत लिहावे लागले. स्कॉटिश मिशनच्या शाळेतील शिक्षणामुळे ते शक्य झाले. निवेदनाचा मुख्य आशय असा की, सरकारचा महसूल रयतेच्या कष्टातून येतो आणि शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र वरिष्ठ वर्गांना मिळतो, म्हणून प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे. इंग्रजी विद्येची वाट सर्वांना सारखी खुली नाही, हे त्यांनी इंग्रजीतच सांगितले.

त्याच आयोगापुढे पंडिता रमाबाई यांची साक्ष झाली ती मराठीत. रमाबाई संस्कृतच्या ख्यातनाम पंडिता होत्या. इंग्रजीचा त्यांचा अभ्यास त्या वेळी नुकताच सुरू होत होता. स्त्री-शिक्षिका, स्त्री-निरीक्षक आणि स्त्री-डॉक्टर यांची आवश्यकता त्यांनी प्रतिपादन केली. ही साक्ष इंग्रजीत अनुवादित करण्यात आली. हंटर तिने इतके प्रभावित झाले की त्यांनी तिचा अनुवाद स्वतंत्रपणे छापून घेतला. रमाबाईंनी आधी इंग्रजीवर प्रभुत्व मिळवावे व मग साक्षीस यावे, अशी अट घातली असती तर १८८२ मध्ये ती साक्ष झालीच नसती.

या दोन साक्षी एकत्र वाचल्या पाहिजेत. फुल्यांच्या बाबतीत भाषेचे श्रम बोलणाऱ्याने केले. रमाबाईंच्या बाबतीत ते ऐकणाऱ्या संस्थेने केले. पहिल्या पद्धतीसाठी फुल्यांसारखी असामान्य व्यक्ती व शिक्षणाची दुर्मीळ संधी लागते. दुसऱ्या पद्धतीसाठी ऐकणाऱ्याची इच्छा व एक अनुवादक पुरेसा ठरतो.

आंतरजाल : लिपीचा उंबरठा

भारतात सर्वसामान्यांसाठी आंतरजाल १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमामार्फत खुले झाले. तत्पूर्वीच परदेशी विद्यापीठांत शिकणारे मराठी तरुण युजनेटवरील मराठी संस्कृतीविषयक चर्चागटात एकत्र येत होते. त्यांची मराठी रोमन लिपीत असे. रोमन लिपीत 'बाळ' व 'बाल', 'पाणी' व 'पानी', 'कळ' व 'कल' यांतील भेद पुसला जातो. अविनाश चोपडे यांच्या 'आयट्रान्स' या पद्धतीने रोमन अक्षरांतून देवनागरी अचूक उमटविण्याची सोय केली.

भारतात याच सुमारास वेगळे प्रयत्न चालू होते. १९८६ मध्ये 'इनस्क्रिप्ट' ही भारतीय लिप्यांसाठीची कळफलक-रचना तयार झाली. पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. १९९१ मध्ये 'इस्की' हे भारतीय लिप्यांचे प्रमाण संकेतन भारतीय मानक म्हणून मान्य झाले. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली व तिच्यात देवनागरीला स्थान मिळाले. तरीही प्रत्यक्ष वापरात दीर्घकाळ श्रीलिपी, आकृती, शिवाजी असे परस्परांशी न जुळणारे टंक होते. एका संगणकावर टंकलिखित केलेला मजकूर दुसऱ्यावर निरर्थक रोमन अक्षरांच्या रूपात दिसे. शोधयंत्राला तो सापडत नसे. मराठीत लिहिलेले असूनही ते आंतरजालाच्या दृष्टीने मराठी नव्हते. 'ॲ' या अक्षराला, जे 'ॲप' वा 'ॲसिड' यांसारख्या रूढ शब्दांसाठी मराठीला आवश्यक आहे, युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळण्यास २००८ उजाडले.

तंत्रज्ञानाने पुढे उंबरठा बराच खाली आणला. गूगलच्या अनुवाद सेवेत २०१३ मध्ये मराठीचा समावेश झाला. २०१४ मध्ये देवनागरीतील '.भारत' हे क्षेत्रनाम उपलब्ध झाले. २०१७ मध्ये गूगलने मराठीतून बोलून लिहिण्याची सोय दिली. २०२२ मध्ये केंद्र शासनाचा 'भाषिणी' हा भाषांतर उपक्रम सुरू झाला. ज्याला कळफलक चालविता येत नाही, तोही आता आपले म्हणणे लिखित रूपात आणू शकतो.

समुदायांनी केलेले साहाय्य

लिपीचा प्रश्न सुटल्याने सहभागाचा प्रश्न आपोआप सुटत नाही. त्यासाठी माणसांचे साहाय्य लागते. १९९६ मध्ये सुरू झालेल्या 'मायबोली'ने परदेशस्थ व महाराष्ट्रातील मराठी माणसांना एकत्र आणले. २००४ मध्ये सुरू झालेल्या 'मनोगत'वर सदस्याला कोणताही टंक न उतरविता थेट देवनागरीत लिहिता येई. त्यानंतर 'मिसळपाव' व 'उपक्रम' ही संकेतस्थळे आली. इंग्रजी समुदायात मूक वाचक राहिलेले अनेक जण येथे लेखक झाले.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. त्याची रचना या विषयाच्या दृष्टीने बोलकी आहे. सदस्यांच्या सामाईक चर्चेच्या पानाला तेथे 'चावडी' असे नाव आहे. नवख्या माणसाला परक्या शब्दाऐवजी गावाच्या न्यायनिवाड्याची व गप्पांची ओळखीची जागा तेथे भेटते. त्याच विकिपीडियावर 'दूतावास' नावाचे पानही आहे. ज्यांना मराठी येत नाही अशा अन्यभाषक सदस्यांनी आपले म्हणणे तेथे मांडावे, अशी ती सोय आहे. जी सवलत मराठी माणसाला इंग्रजीच्या दारात हवी असते, ती मराठीने आपल्या दारात इतरांना देऊ केली, ही गोष्ट नोंद घेण्याजोगी आहे.

इंग्रजी समुदायांनीही काही मार्ग शोधले. अमेरिकेच्या 'व्हॉइस ऑफ अमेरिका' या नभोवाणीने १९५९ मध्ये सुमारे १,५०० शब्दांच्या मर्यादेत, संथ गतीने बातम्या देण्यास आरंभ केला होता. त्याही आधी १९३० मध्ये सी. के. ऑग्डेन यांनी ८५० शब्दांची 'बेसिक इंग्लिश' मांडली होती. त्याच विचाराचा धागा २००१ मधील सोप्या इंग्रजीतील विकिपीडियात दिसतो. २०१५ पासून विकिपीडियावर लेखाच्या भाषांतराचे साधन उपलब्ध आहे, ज्यात मूळ लेख व भाषांतर शेजारी शेजारी दिसतात. 'दर्पण'च्या दोन स्तंभांचीच ही नवी आवृत्ती म्हणता येईल. संगणक आज्ञावलीविषयीच्या 'स्टॅक ओव्हरफ्लो' या समुदायात इतर सदस्यांना प्रश्नाची भाषा सुधारता येते. त्यामुळे प्रश्न योग्य असेल तर सदोष इंग्रजीपायी तो वाया जाण्याचे कारण उरत नाही. या समुदायाने पोर्तुगीज, रशियन, स्पॅनिश व जपानी भाषांत स्वतंत्र शाखा सुरू केल्या. मराठीच्या वाट्याला अशी शाखा आलेली नाही.

अडचणी व आक्षेप

एक सामाईक भाषा नसेल तर जागतिक समुदाय चालणारच नाही, असा आक्षेप घेतला जातो. तो निराधार नाही. नियमनाचे काम करणारे सदस्य बहुधा स्वयंसेवक असतात. प्रत्येक भाषेतील मजकूर तपासणे त्यांना शक्य नसते. मात्र सामाईक भाषा असणे वेगळे आणि त्या भाषेतील मातृभाषकाची सफाई ही प्रवेशाची अट असणे वेगळे. पहिली गरज आहे, दुसरी सवय आहे.

यंत्रानुवादाच्याही मर्यादा आहेत. असे अनुवाद प्रामुख्याने प्रमाणभाषेतील लिखित मजकुरावर घडविलेले असतात. वऱ्हाडी माणसाचे 'मले', 'तुले', 'काऊन' तेथे सहज सामावत नाही. येथे एका अप्रिय वस्तुस्थितीकडेही लक्ष वेधले पाहिजे. मराठी संकेतस्थळांवर बोलीतील वा शुद्धलेखनाचे नियम न पाळणाऱ्या लेखनाची थट्टा झालेली आढळते. वाशीमच्या ग्रामीण भागातील तरुणासमोर त्यामुळे एक नव्हे, दोन उंबरठे असतात. पहिला प्रमाण मराठीचा आणि दुसरा इंग्रजीचा. इंग्रजीकडून उदारतेची अपेक्षा करणाऱ्या मराठी समुदायांनी तीच उदारता आपल्या बोलींना दाखविली पाहिजे.

शिक्षणाच्या मार्गाचाही विचार आवश्यक आहे. महाराष्ट्र शासनाने २००० पासून मराठी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी विषय सुरू केला. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन होऊन संगणक साक्षरतेचा प्रसार झाला. हे निर्णय स्वागतार्ह होते. परंतु शहरातील इंग्रजी माध्यमाचा विद्यार्थी व जिल्हा परिषदेच्या शाळेतील विद्यार्थी यांना मिळणाऱ्या इंग्रजीत अंतर राहिले. फुल्यांनी १८८२ मध्ये ज्या विषमतेवर बोट ठेवले, तिचेच हे आजचे रूप आहे. 'आधी इंग्रजी शिका, मग बोला' हा नियम वरून समान दिसतो, पण तो पाळण्याची किंमत सर्वांना समान मोजावी लागत नाही.

सहभागाअभावी होणारी हानी

इंग्रजी विकिपीडियावर सुमारे ७० लाख लेख आहेत, तर मराठीत ही संख्या एक लाखाच्या घरात आहे. साहजिकच मराठी मुलखाविषयीही जगाचे ज्ञान मुख्यतः इंग्रजी मजकुरावर घडते. तो मजकूर लिहिणाऱ्यांत त्या मुलखातील माणसे नसतील तर काय घडते, याचे साधे उदाहरण गावांच्या नावांतच आहे. 'जऊळका' या नावातील 'ऊ' आणि 'ळ' ही दोन्ही अक्षरे रोमन लिपीत आपला उच्चार गमावतात. रोमन रूप वाचणारा अनोळखी माणूस 'जौलका' किंवा 'जावलका' असा काहीही उच्चार करू शकतो. तेच रूप पुन्हा यंत्राने देवनागरीत आणले की मूळ नावाऐवजी तिसरेच नाव तयार होते. 'बासिम'ची पुनरावृत्ती अशी होते. फरक एवढाच की तेव्हा चूक एका दप्तरात राहत असे, आज ती एका यंत्राकडून दुसऱ्याकडे जाते.

नावापुरताच हा प्रश्न मर्यादित नाही. पिकांचे स्थानिक वाण, यात्रा, बाजार, पाण्याचे स्रोत, जुनी देवळे व शिलालेख यांविषयीचे ज्ञान गावातील माणसांकडे असते. २०११ मध्ये वाशीम जिल्ह्याची लोकसंख्या ११,९७,१६० होती. एवढ्या लोकांचे ज्ञान केवळ वाक्यरचना निर्दोष नाही म्हणून जगाच्या नोंदीबाहेर राहणे, ही त्या लोकांइतकीच जगाचीही हानी होय.

निष्कर्ष

१) परभाषेच्या व्यासपीठावर प्रवेशाच्या तीन पद्धती इतिहासात आढळतात : बोलणाऱ्याने ती भाषा शिकणे, ऐकणाऱ्याने अनुवाद करून घेणे, आणि दोन्ही भाषांना शेजारी स्थान देणे. आंतरजालावर या तिन्ही पद्धती नव्या रूपात विद्यमान आहेत.

२) केवळ पहिल्या पद्धतीवर विसंबल्यास सहभाग शिक्षणाची संधी मिळालेल्या वर्गापुरता सीमित राहतो.

३) मराठी भाषकांचा आंतरजालावरील वावर वाढला तो मुख्यतः लिपी, कळफलक, अनुवाद व ओळखीची परिभाषा या साहाय्यांमुळे.

४) इंग्रजी समुदायांनी पुढील गोष्टी केल्यास फार मोठा वर्ग सामावून घेता येईल : नियम सोप्या व लहान वाक्यांत लिहिणे, केवळ स्थानिकांना कळणारे वाक्प्रचार टाळणे, सदोष भाषेबद्दल न टोकता ती शांतपणे सुधारणे, मूळ भाषेतील मजकूर अनुवादासह स्वीकारणे आणि उत्तरासाठी पुरेसा वेळ देणे.

५) मराठी समुदायांनी बोलीभाषकांबाबत हेच धोरण अवलंबावे. महाविद्यालयांनीही विद्यार्थ्यांना आपल्या गावाविषयी मराठी विकिपीडियावर लिहिण्यास प्रवृत्त करून तेथून इंग्रजीकडे जाण्याचा मार्ग दाखवावा.

इंग्रजी शिकण्याचे महत्त्व यामुळे कमी होत नाही. फुल्यांचे निवेदन इंग्रजीत होते म्हणून ते थेट पोहोचले, हे खरेच आहे. परंतु त्याच आयोगाने रमाबाईंची मराठीही ऐकून घेतली होती. १८८२ मध्ये एका परकीय सत्तेच्या आयोगाला जे जमले, ते आजच्या साधनसंपन्न समुदायांना अवघड जाऊ नये.